खालून फेकलेला चेंडू

अमेरिकेंतील कनेटिकट राज्यांत वॉटरबरी नांवाचें एक शहर आहे. १९६१ सालच्या उन्हाळ्यांत एका धर्मादाय कार्याच्या मदतीसाठीं तेथील मैदानावर एक गमतीचा सामना ठरला होता. फलंदाज होता टेड विल्यम्स. १९४१ सालीं यानें बेसबॉलमध्यें .४०६ ही सरासरी राखली होती, आणि १९६० सालीं तो नुकताच निवृत्त झाला होता. चेंडू पारखण्यांत त्याच्यासारखी नजर क्वचितच कोणाची असेल, अशी त्याची कीर्ति होती. त्याच्यासमोर चेंडू टाकावयास उभी राहिली ती जोन जॉइस ही जेमतेम विशींतली मुलगी. प्रेक्षकांना वाटलें, घटकाभर करमणूक होईल. प्रत्यक्षांत झालें तें निराळेंच. एखाददुसरा चेंडू विल्यम्सच्या बॅटीला निसटता लागला. बाकीचे त्याला चकवून मागें कॅचरच्या हातांत जाऊन बसले. शेवटीं त्या नामांकित फलंदाजानें बॅट खालीं टाकली आणि तो तेथून निघून गेला.

यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, तो चेंडू डोक्यावरून फेकलेला नव्हता. कमरेखालून फेकलेला होता.

खालून फेकणें म्हटलें कीं सामान्य माणसाच्या मनापुढें सौम्यपणाचें चित्र उभें राहतें. घरांतल्या लहानग्याला झेल शिकवितांना वडील माणसें चेंडू खालूनच, अलगद टाकतात. त्यामुळें ज्या खेळांत चेंडू खालूनच टाकला पाहिजे असा दंडक आहे, तो खेळ हलकाफुलका आणि हातापायांस निर्धोक असला पाहिजे, असा समज सहज होतो. हा समज दोन्ही अंगांनीं चुकीचा आहे. फास्टपिच सॉफ्टबॉलमधील फेक सौम्य तर नाहींच; आणि ती निर्धोक आहे असें मानल्यामुळें कित्येक कोवळ्या खांद्यांना त्याची किंमत द्यावी लागली आहे. म्हणून ही फेक करतांना हात नेमकें काय करतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

सॉफ्टबॉलचा जन्म शिकागो शहरांत १८८७ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत झाला. फॅरागट बोट क्लब या संस्थेंत जमलेल्या तरुणांनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि जॉर्ज हॅन्कॉक या गृहस्थानें त्या घरांतल्या बेसबॉलला नियम घालून दिले. चार भिंतींच्या आंत खेळावयाचें म्हणून अंतरें आंखूड झालीं, आणि चेंडू खालून टाकण्याची रीत त्या खेळाला कायमची चिकटली. पुढें खेळ उघड्या मैदानावर आला. १९२६ सालीं वॉल्टर हॅकन्सन यानें त्यास सॉफ्टबॉल हें नांव सुचविलें. नांवांत मऊपणा असला तरी आजचा चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच आणि वजन सव्वासहा ते सात औंस असतें. म्हणजे बेसबॉलच्या चेंडूहून तो मोठाहि असतो आणि जडहि असतो.

या चेंडूचा दरारा समजण्यास थोडा हिशेब पुरे आहे. बेसबॉलमध्यें पिचर ६० फूट ६ इंच अंतरावरून चेंडू टाकतो. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्यें हें अंतर स्त्रियांसाठीं ४३ फूट आणि पुरुषांसाठीं ४६ फूट असतें. शिवाय पिचर एक लांब पाऊल पुढें टाकून चेंडू सोडते. तेव्हां चेंडूला काटावयाचें अंतर फार तर ३७ फूट उरतें. ताशीं ६० मैल म्हणजे सेकंदास ८८ फूट. या वेगाचा चेंडू ०.४२ सेकंदांत फलंदाजापाशीं येतो. बेसबॉलमधील ताशीं ९५ मैलांच्या चेंडूस लागणारा वेळहि जवळजवळ तेवढाच भरतो. २०१२ सालीं मोनिका ॲबट हिनें ताशीं ७७ मैलांची फेक केली, तेव्हां तो स्त्रियांतील विक्रम ठरला. २०२५ सालीं टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकन्स हिनें ताशीं ७९.४ मैलांपर्यंत मजल मारली. अशा चेंडूपुढें फलंदाजाच्या हातीं सेकंदाचा तिसरा हिस्सा उरतो. डोळ्याचें पातें लवेपर्यंत निर्णय झाला पाहिजे.

आतां नियमांची चौकट पाहिली पाहिजे. चेंडू सोडतांना पंजा कमरेच्या खालीं असला पाहिजे, आणि मनगट कोपरापेक्षां शरीरापासून अधिक दूर जातां कामा नये. या चौकटींत राहून वेग कसा आणावा, याचीं दोन उत्तरें खेळाडूंनीं शोधून काढलीं. एक स्लिंगशॉट. हींत हात सरळ मागें उंच नेऊन त्याच वाटेनें पुढें झटक्यानें आणतात. जोन जॉइस हिची फेक या जातीची होती. दुसरी विंडमिल, म्हणजे पवनचक्की. हींत हात पुढून वर, वरून मागें आणि मागून खालीं असा एक पूर्ण फेरा घेतो. कालांतरानें विंडमिलनें स्लिंगशॉटला मागें टाकलें, आणि आज फास्टपिच म्हटलें कीं हाच फेरा डोळ्यांपुढें येतो.

हा फेरा पाहून महाराष्ट्रांतील माणसाला गोफणीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ज्वारीच्या कणसांवर उतरणारीं पाखरें उठविण्यासाठीं राखणदार मचाणावर उभा राहून गोफण गरगर फिरवितो आणि नेमक्या क्षणीं एक दोरी सोडतो. दगड वर्तुळांत फिरत असतो. पण सुटतांच तो वर्तुळ सोडून स्पर्शरेषेनें सरळ धांवतो. सॉफ्टबॉलचा चेंडूहि असाच सुटतो. मात्र एक मोठा भेद आहे. गोफणीची दोरी निर्जीव आहे. ती फक्त ताणली जाते. हाताच्या दोरीला कोपर आणि मनगट असे सांधे आहेत. त्या सांध्यांमुळें फेकीला धार येते, आणि त्यांच्यामुळेंच तिला धोकाहि आहे.

श्रोत्यांनीं क्षणभर एक मोठें घड्याळ डोळ्यांपुढें आणावें. उजव्या हातानें फेकणारी पिचर तिच्या उजव्या बाजूनें, म्हणजे तिसऱ्या बेसकडून, आपण पाहत आहों. तिचा खांदा हा त्या घड्याळाचा मध्य आणि हात हा कांटा. फलंदाज तीनच्या दिशेस उभा आहे. हा कांटा मात्र उलटा फिरतो : सहावरून तीनवर, तीनवरून बारावर, बारावरून नवावर आणि तेथून पुन्हां सहावर.

सहा ते तीन हा प्रवास निवांत आहे. पिचर मागच्या पायानें जमिनीला रेटा देऊन पुढें झेपावते, आणि हात तिच्याबरोबर सैल उचलला जातो. येथें हातानें जोर करण्याचें कांहींच कारण नाहीं. हात बारावर पोंचतो तेव्हां तो कानाजवळून उभा असतो, कोपर किंचित् सैल असतें, आणि पिचरचें अंग तिसऱ्या बेसकडे वळलेलें असतें. पुढचें पाऊल अजून हवेंत असतें किंवा नुकतेंच टेकत असतें. बारा ते नऊ या टप्प्यांत तें पाऊल जमिनीवर पक्कें बसतें. नवावर हात मागें जवळजवळ आडवा येतो. तळहात आकाशाकडे किंवा तिसऱ्या बेसकडे असतो. आणि मग नऊ ते सहा हा शेवटचा पाव फेरा येतो. त्याला सेकंदाचा दहावा हिस्साहि लागत नाहीं. पण सारी विद्या त्यांत सांठविलेली आहे.

वेग हातांत उत्पन्न होत नाहीं, तो पायांतून येतो, हें येथें प्रथम समजून घेतलें पाहिजे. धांवती बस एकाएकीं थांबली म्हणजे उभा उतारू पुढें फेकला जातो. पिचरचें पुढचें पाऊल हें त्या बसचें ब्रेक आहे. तें पाऊल टेकून गुडघा भक्कम राहिला कीं झेपावलेलें धड थांबतें, आणि धडाचा वेग खांद्यांतून दंडांत उतरतो. दंड बरगड्यांशीं येतां येतां मंदावतो, आणि त्याचा वेग कोपराखालच्या हातांत उतरतो. तो हात मंदावला कीं वेग पंज्यांत, आणि पंज्यांतून चेंडूंत. आसुडाचा दांडा हातभर हलतो, पण टोंक कडाडतें, तें याच न्यायानें. जड भाग थांबत जातो आणि हलका भाग अधिकाधिक वेगानें पुढें जातो. मागच्याला थांबतां आलें पाहिजे, तरच पुढच्याला धांवतां येतें. पुढचा गुडघा लुळा पडला तर ही साखळी पहिल्याच कडींत तुटते, आणि मग उणीव भरून काढण्यासाठीं खांदा आपल्या बळानें ओढूं लागतो.

आसूड कडाडावयाचा तर त्याला लवचिकपणा हवा. म्हणून कोपर ताठ असून चालत नाहीं. नवावरून खालीं येतांना कोपर पुढें आणि पंजा मागें राहिला पाहिजे. कोपर कमरेशीं आधीं पोंचतें, पंजा तिच्यामागून येतो. मग कोपराखालचा हात सुटतो, उलगडतो, आणि उलगडतांनाच आंतल्या बाजूस वळतो. कुलुपांत किल्ली फिरवितांना हात जसा वळतो, तसेंच हें वळणें आहे, फक्त त्याचा वेग विलक्षण असतो. पुष्कळ उत्तम पिचरांच्या हाताची आंतली कड या क्षणीं खुब्याला हलकेच घांसून जाते. या स्पर्शानें हाताला थांबण्याची जागा कळते, आणि चेंडू दर खेपेस त्याच ठिकाणीं सुटतो.

दर खेपेस त्याच ठिकाणीं सुटण्याचें महत्त्व गणितानेंच दाखवितां येतें. हात म्हणजे अडीच फुटांची एक ताठ काठी आहे आणि तिच्या टोंकाचा वेग सेकंदास ८८ फूट आहे, असें धरावें. मग ती काठी हजारांश सेकंदांत सुमारें दोन अंश फिरते. म्हणजे चेंडू सोडण्यांत हजारांश सेकंदाची चूक झाली तर त्याची दिशा दोन अंशांनीं बदलते, आणि ३७ फुटांवर पोंचेपर्यंत तो सव्वा फुटानें वर किंवा खालीं गेलेला असतो. गुडघ्याशीं जाणारा चेंडू मांडीच्या वर येतो आणि फलंदाज तो खुशाल टोलवितो. ताठ हातानें इतकी अचूकता साधणें जवळजवळ अशक्य आहे. सांधे क्रमानें उलगडणारा हात मात्र सुटण्याच्या क्षणीं पंज्याची वाट थोडी सपाट करतो, आणि चुकीला तेवढी क्षमा मिळते.

इतकें पाहिल्यावर दोन जुन्या शिकवणींचा विचार करतां येतो. पहिली शिकवण अशी कीं, वेग मनगटाच्या झटक्यांत आहे. म्हणून मुलींना शेंकडों वेळां नुसतें मनगट झटकावयास लावतात. दुसरी अशी कीं, फेक संपतांना कोपर वर उचलून चेहऱ्यासमोर आलें पाहिजे. आणि त्यासाठीं नवाच्या आसपास तळहात मागें, दुसऱ्या बेसकडे वळवून चेंडू खालीं ढकलत आणावा. या शिकवणी देणारे लोक अप्रामाणिक नव्हते. डोळ्यांना जें दिसतें तेंच त्यांनीं शिकविलें. उघड्या डोळ्यांना फेकीचा मधला भाग दिसतच नाहीं; दिसतो तो आरंभ आणि दिसतो तो शेवट. मनगट हललेलें दिसतें, हात वर गेलेला दिसतो, म्हणून तेंच कारण असें वाटलें. संथ गतीच्या चित्रफितींनीं हा क्रम उलगडून दाखविला. मनगट हलतें, परंतु त्याचें हलणें हा बहुतांशीं मागून आलेल्या वेगाचा परिणाम असतो. आणि कोपर वर जातें तें चेंडू हातांतून गेल्यानंतर. जो चेंडू सुटून गेला त्याला त्या उचललेल्या कोपराचा कांहींच उपयोग नाहीं. परिणामालाच कारण मानून त्याची घोकंपट्टी करणें हा दोष केवळ खेळाच्या शिक्षणांतच आढळतो असें नाहीं; पण येथें त्याचा भार अंगावर पडतो.

तो भार किती, हेंहि पाहिलें पाहिजे. अडीच फुटांच्या त्रिज्येंत सेकंदास ८८ फूट वेगानें फिरणारा, दोनशें ग्रॅमांच्या आंतला चेंडू हाताला बाहेर ओढतो. ती ओढ सुमारें १८ किलो वजन टांगल्याइतकी भरते. ही नुसत्या चेंडूची. हाताचें स्वतःचें वजन फिरत असतें तें वेगळें. १९९८ सालीं अमेरिकेंत विंडमिल फेकीचें मोजमाप प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं, सांधा जागेवर धरून ठेवण्यासाठीं कोपर आणि खांदा यांना शरीराच्या वजनाच्या ७० ते ९८ टक्के इतका जोर सोसावा लागतो. दंडावरील जो स्नायु फुगवून मुलें आपली ताकद दाखवितात, त्याची एक दोरी खांद्याच्या सांध्यांत वर जाऊन बसलेली असते. नऊ ते सहा या टप्प्यांत तोच स्नायु एकीकडे कोपराला आवरतो आणि दुसरीकडे खांदा निसटूं देत नाहीं. २००९ सालच्या एका अभ्यासांत हा स्नायु वरून केलेल्या फेकीपेक्षां विंडमिल फेकींत अधिक राबतो असें आढळलें. पिचर मुली खांद्याच्या पुढच्या बाजूस दुखतें म्हणून तक्रार करतात, त्याचें मूळ पुष्कळदां येथें असतें. १९९१ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत सॉफ्टबॉल पिचरांच्या कोपराखालील हाडाला वारंवारच्या ताणानें तडा गेल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं. त्यापूर्वीं १९८९ सालच्या अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धेंतील २४ पिचरांची पाहणी झाली होती. त्यांतील २० जणींना मिळून २६ दुखापती झाल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक दुखापती हाताच्या व खांद्याच्या होत्या.

इतकें असूनहि खालून फेकणें नैसर्गिक, म्हणून त्याला विश्रांति नको, ही समजूत फार चिवट ठरली. लहान मुलांच्या बेसबॉलसाठीं लिटल लीग या संस्थेनें २००७ सालीं दिवसाला किती चेंडू टाकावे याची मर्यादा घातली. सॉफ्टबॉलमध्यें चेंडू मोजण्याची तशी शिस्त सर्वत्र रुजली नाहीं. संघांत एखादी चांगली पिचर असली कीं सकाळचा सामना तिचा, दुपारचा तिचा आणि संध्याकाळचाहि तिचाच. मुलगी उत्साहानें होय म्हणते. वडील माणसांना कौतुक वाटतें. आणि खांदा मुका असतो.

या संदर्भांत जपानच्या युकिको उएनो हिचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें २० ऑगस्ट रोजीं तिनें अमेरिकेविरुद्ध ९ डाव आणि त्याच दिवशीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ डाव चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशीं अंतिम सामन्याचे सातहि डाव तिनेंच टाकले, आणि जपाननें अमेरिकेला ३-१ असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. दोन दिवसांत तिचे ४१३ चेंडू भरले. एवढ्यानें तिचा हात संपला नाहीं. २०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांतहि ती पुन्हां उभी राहिली, आणि जपाननें पुन्हां सुवर्णपदक जिंकलें. या पराक्रमापुढें मस्तक नमवावें. परंतु तो एका प्रौढ, अनेक वर्षें घडविलेल्या शरीराचा पराक्रम होता. बारा वर्षांच्या मुलीच्या हाडांची वाढ अजून चालू असते. तिच्यासाठीं तो दाखला नव्हे.

महाराष्ट्रांतील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरहि सॉफ्टबॉल खेळला जातो, आणि कित्येक घरांतील मुली चेंडू टाकावयास शिकत आहेत. त्यांच्या पालकांना शास्त्र पाठ असण्याची गरज नाहीं. मैदानाच्या कडेला उभें राहून चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. पुढचें पाऊल टेकल्यावर गुडघा भक्कम राहतो कीं कोलमडतो? खालीं येणाऱ्या हाताचें कोपर सैल आहे कीं ताठ? चेंडू गेल्यावर हात आपोआप सैल पडतो कीं मुद्दाम वर ओढला जातो? आणि दिवसभरांत किती चेंडू झाले, हें कोणी मोजत आहे काय? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, आणि तोच बहुधा विचारला जात नाहीं. मुलीचा खांदा पुढच्या बाजूस दुखूं लागला तर दुसऱ्या दिवशीं फेक बंद ठेवावी आणि दुखणें रेंगाळलें तर डॉक्टरांस दाखवावें. ती नाखूष होईल, सामनाहि कदाचित् हातचा जाईल. पण तो पुन्हां खेळतां येतो.

राखणदाराची गोफण ताणून ताणून झिजली, तर सुगी संपल्यावर तो नवी दोरी वळून घेतो. हाताची दोरी एकदांच मिळते. तिच्यांतून ताशीं साठ मैलांचा चेंडू सोडण्याची विद्या मुलींना अवश्य शिकवावी. पण शिकवितांना त्या दोरीची मोजदाद वडील माणसांनीं आपल्याकडे ठेवावी.